बियाण्याची कणगी

भिवंडीच्या अंजूरफाट्यावरून खाडीच्या अंगाला वळलं की पूर्वी दोन्ही हातांना भाताची खाचरं लागायची. आता गोदामं लागतात. निळ्या पत्र्याची, एकाला एक लागून, आणि त्यांच्या दारात रात्रंदिवस कंटेनर उभे. त्या पट्ट्यातल्या एका गावात एक आजी आणि तिचे दोन नातू राहत होते. घर आगरी, पिढ्यान् पिढ्या भाताचं.

आजीच्या घरात एक कणगी होती. बांबूच्या कामट्यांची, आतून-बाहेरून शेणाने सारवलेली. भात झोडून खळ्यावर रास पडली की आजी आधी त्यातलं टपोरं भात निवडायची, चांगलं वाळवायची, कणगीत भरायची आणि कणगीचं तोंड लिंपून टाकायची. ते बियाणं. बाकीची रास खायला, विकायला, देण्याघेण्याला. कणगी उघडायची ती राब पेरायच्या दिवशीच, त्याआधी नाही. एका वर्षी उधाणाने खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी उभ्या पिकात शिरलं. वरच्या खाचरातलं चार मण भात काय ते हाती लागलं. आजीने ते सगळंच्या सगळं कणगीत घातलं आणि स्वतः मिठागरावर मजुरीला गेली. पोरांनी ते वर्ष उधारीच्या ज्वारीवर काढलं. कणगीचं लिंपण मात्र कोणी फोडलं नाही.

पुढे शेती गेली. आधी बांध नादुरुस्त झाला, मग मजूर मिळेनासे झाले, आणि शेवटी राहिलेल्या जमिनीतून रस्ता गेला. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे बाजारभाव, त्यावर गुणक, त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम असा हिशेब होऊन पैसे आले. दोन भावांच्या वाट्याला प्रत्येकी 2 कोटी 25 लाख. शिवाय गावालगत प्रत्येकाचे 20 गुंठे उरले.

एवढा पैसा त्या घराने कधी पाहिला नव्हता. भिवंडीत मात्र त्याचं कोणाला फारसं नवल राहिलेलं नाही. 2021 साली तालुक्यातल्या एका व्यावसायिकाने हेलिकॉप्टर घेतल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या होत्या. ज्या तालुक्यात हेलिकॉप्टर उतरतं तिथे मोटारीचं काय घेऊन बसलात, असं थोरल्याचं म्हणणं होतं.

थोरल्याबद्दल चुकीचा ग्रह व्हायला नको. तो उडाणटप्पू नव्हता. अठराव्या वर्षापासून त्याने टेम्पो चालवला, मग ट्रान्सपोर्टवाल्याकडे सुपरवायझर झाला. गोदामाच्या गेटवर उभं राहून आलेल्या कंटेनरचा नंबर, सील आणि वेळ वहीत टिपायची, गाड्या डॉकला लावून घ्यायच्या, हमाल कमी पडले तर टोळीच्या मुकादमाशी घासाघीस करायची. पाठीमागे घ्यायला अवघड अशी चाळीस फुटी गाडी असली की ड्रायव्हर खाली उतरून त्यालाच किल्ली द्यायचे. स्टिअरिंग हातात आलं की त्याचा चेहरा बदलायचा. अशा माणसाला चांगली गाडी हवीशी वाटली, तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

त्याने पसंत केली बीएमडब्ल्यूची झेड4. 2023 च्या मे महिन्यात ती नव्या रूपात भारतात आली होती. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, 340 घोड्यांची ताकद, शून्यावरून शंभरचा वेग साडेचार सेकंदांत. छप्पर कापडाचं. एक बटण दाबलं की 10 सेकंदांत घडी होऊन मागे जातं, आणि गाडी 50 च्या आत असेल तर त्यासाठी थांबायचीही गरज नाही. बांधणी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातली. शोरूमची किंमत 89 लाख 30 हजार. आयात गाडी म्हणून राज्याचा एकरकमी कर 20 टक्के, वर विमा, वर आणखी चिल्लर. (अशा खरेदीत लाखाला चिल्लर म्हणतात.) गाडी दारात येईपर्यंत आकडा 1 कोटी 10 लाखांच्या पुढे गेला.

आणि आसनं दोनच.

गाडी बुक करण्याआधी थोरला आजीच्या पाया पडायला गेला. आजी रागावेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती रागावली नाही. आजोबांनी शर्यतीचे बैल पाळले होते, त्यांना अंडी चारली होती, दूध पाजलं होतं, त्यापायी स्वतःचं धोतर दोन-दोन वर्षं बदललं नव्हतं. हौस म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने एवढंच विचारलं, "पैसं कनचं?"

"जमिनीचं."

"मंग ते बियानं हाय," आजी म्हणाली. "तुझ्या आज्यानी बैल घेतलं ते गवताच्या पैशानी. मुंबईच्या तबेल्याला गवत जायचा त्याच्या. खाचर नाय इकला बैलासाठी. गारी घे, मना काय नाय. पन कणगी नको फोडू."

थोरला हसला. आजी, आता कुठली कणगी, बँकेत पैसा आहे, म्हणाला. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणणारे गावात शंभर भेटतात. अंथरूण कशाचं शिवलंय हे विचारणारी ही एकटीच, आणि तिचं ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

गाडी आली. फटाके वाजले, हळदी-कुंकू लावलं, नारळ फुटला. पुढच्या आठ दिवसांत गावातल्या प्रत्येक पोराने तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. नवव्या दिवशी भिवंडीने तिला भिवंडी दाखवायला सुरुवात केली.

पहिली अडचण गतिरोधकांची. गतिरोधक दहा सेंटिमीटरहून उंच नसावा असा नियम आहे, आणि गाडीचं पोट जमिनीपासून साडेअकरा सेंटिमीटरवर. कागदावर दोन्हींचं जमतं. पण गावातला गतिरोधक नियमाचं पुस्तक उघडून कोणी बांधत नाही. एखाद्या पोराला टेम्पोने धक्का दिला की त्याच रात्री काँक्रीटचा एक ढिगारा रस्त्यावर आडवा पडतो आणि सकाळपर्यंत घट्ट होतो. थोरल्याच्या घरापासून फाट्यापर्यंत असे सात. पहिल्याच्या वेळी खालून आलेला 'खर्रर्र' आवाज ऐकून तो खाली उतरला तो घामाघूम होऊन. मग त्याने शेजारचा एक पोरगा धरला. पोरगा दोन लाकडी फळ्या घेऊन पुढे पळायचा, गतिरोधकाच्या अलीकडे-पलीकडे लावायचा, गाडी तिरकी चढून तिरकी उतरायची, पोरगा फळ्या उचलून पुढच्या गतिरोधकाकडे धावायचा. 340 घोडे फाट्यापर्यंत पायी पळणाऱ्या पोराच्या मागून जायचे.

दुसरी अडचण मांजराची. गावात कापडी छपराची दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे मांजरालाही ती पहिल्यांदाच मिळाली. पत्र्याचं छप्पर उन्हात तापतं, हे तापत नव्हतं. मांजर दुपारी त्यावर चढायचं, पुढचे दोन पाय ताणायचं, नखं कापडात रोवून छान आळस द्यायचं आणि झोपायचं. थोरल्याने ताडपत्री आणली. मांजर ताडपत्रीखाली जाऊन झोपू लागलं.

छप्पर उघडायचं म्हटलं, तर कधी? जून ते सप्टेंबर पाऊस. मार्च ते मे डोकं भाजणारं ऊन. राहिले पाच महिने, तर त्यात धूळ. पुढे सिमेंटचा बल्कर, मागे कंटेनर, शेजारी मातीचा डंपर, आणि उघड्या गाडीत बसलेल्या माणसाचं तोंड बरोबर त्यांच्या सायलेन्सरच्या उंचीला. एकदा मानकोलीच्या कोंडीत अर्धा तास अडकून तो घरी आला तेव्हा आजीने त्याला आधी अंगणात आंघोळ घातली.

लग्नसराईत गाडीला मागणी आली. चुलतभावाची वरात याच गाडीतून काढायची ठरली. फुलांनी सजवून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की नवरा-नवरी बसले तर गाडी चालवायला जागा नाही, आणि एक कोटीची गाडी नवऱ्याच्या हातात द्यायची थोरल्याची छाती नाही. शेवटी थोरला आणि नवरा उघड्या गाडीतून मिरवले आणि नवरी मागून करवल्यांबरोबर इनोव्हातून आली. गाव अजून हसतं.

या सगळ्यावर हसता येतं. पुढचं हसण्यासारखं नाही. त्या गाडीने थोरल्याचे जेवढे पैसे खाल्ले त्याहून मोठी गोष्ट खाल्ली, ती म्हणजे त्याची नोकरी. झेड4 मधून उतरून गोदामाच्या गेटवर वही घेऊन उभं राहणार कसं? पहिले काही दिवस तो गाडी लांब लावून चालत जायचा. मग कोणीतरी म्हणालं, "शेठ, तुम्ही अजून कंटेनरचे नंबर टिपता?" महिन्याभरात त्याने काम सोडलं. गाडीशेजारी घर लहान दिसायला लागलं, म्हणून वरचा मजला चढवला, 60 लाख त्यात गेले. गाडीवाल्याकडून वर्गणी आता पाचशेची घेईना कोणी. जत्रेला, क्रिकेटच्या सामन्यांना, मंडळाला पन्नास-पन्नास हजार. विमा दरवर्षी, टायर झिजले की चारही. वस्तू महाग असली की एकदाच पैसे मागते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती घरातल्या प्रत्येक वस्तूला, नात्याला आणि कामाला आपल्या पंगतीला बसवायला निघते, आणि त्या पंगतीचा खर्च पावतीवर कुठेच लिहिलेला नसतो.

धाकटा कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायचा. त्याने आजीचं बोलणं शब्दशः घेतलं. आपल्या 20 गुंठ्यांवर 14,000 चौरस फुटांचं गोदाम बांधायला काढलं. भिवंडीत बिनपरवानगीची गोदामं काही कमी नाहीत. हा मात्र एमएमआरडीएकडे नकाशे घेऊन गेला. कागद व्हायला वर्ष गेलं आणि तेवढा काळ गावाने त्याला वेड्यात काढलं. मग लोखंडी सांगाडा उभा राहिला, पत्रा चढला, ट्रकच्या पाठीच्या उंचीचं जोतं झालं. खर्च 1 कोटी 90 लाखांच्या आसपास. 2025 च्या जानेवारीपासून फुटाला 16 रुपयांनी गोदाम भाड्याने गेलं. महिन्याला 2 लाख 24 हजार, वर्षाला 5 टक्के वाढ.

इथे गोष्ट संपवून धाकट्याची पाठ थोपटता आली असती. पण धाकट्याचंही सगळं बरं चाललं होतं असं नाही. भाडं बँकेत पडत राहिलं आणि तो तीच जुनी स्कूटर ढकलत राहिला. बायकोने स्वयंपाकघराला नवी खिडकी मागितली, तर पुढच्या वर्षी बघू. मुलीला शाळेच्या सहलीला जायचं होतं, तर कशाला. रात्री पासबुक उघडून बसायचा. आणि हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण थोरला गाडी पुसत असला की धाकटा खिडकीआडून बघत राहायचा. लहानपणी दोघांनी मिळूनच टायरच्या दुकानातल्या कॅलेंडरवरची लाल गाडी पाहिली होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात थोरल्याकडचे पैसे संपले. गाडी विकायला काढली तेव्हा त्याला दुसरं गणित कळलं. विम्याच्या कोष्टकात गाडीची किंमत सहा महिन्यांत 5 टक्क्यांनी, वर्षात 15, दोन वर्षांत 20, तीन वर्षांत 30 आणि पाच वर्षांत 50 टक्क्यांनी उतरते. म्हणजे विम्याच्या कागदावर अजून 62 लाख होते. बाजार त्याहून निष्ठुर. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, छपरावरचे मांजराचे ओरखडे बोटाने मोजले, खाली वाकून पोट पाहिलं आणि 48 सांगितले. दोन माणसांची गाडी, भिवंडीत घेणार कोण, म्हणाला.

त्या रात्री थोरला जेवला नाही. आजीने दोघांना समोर बसवलं.

"तू बियानं खाल्लंस," ती थोरल्याला म्हणाली. मग धाकट्याकडे वळली. "आनि तू? तू पीकपन खात नाय. कणगीतला भात लय दिस तसाच ठेवला तर काय होतं?"

"टोके लागतात," धाकटा म्हणाला.

"बियानं राखायचं ते कशाला? पुढच्या सालाला पोरांनी पोटभर खावं म्हनून. बियानं खाऊ नये आनि पीक कुजवू नये. एवढंच हाय ते. तुमच्या दोघांच्या शाळेत नाय शिकवलं?"

कोणी काही बोललं नाही. आजीने सुपारी कातरली आणि सौदाच ठरवून टाकला. गाडी व्यापाऱ्याला द्यायची नाही. धाकट्याने घ्यायची, 52 लाखांना, आणि तीही भाड्याच्या पैशातून. 30 लाख आता, उरलेले महिन्याला 2 लाख असे अकरा महिने. बँकेचं कर्ज नाही. थोरल्याने ते पैसे दुसऱ्या कशाला लावायचे नाहीत, आपल्या पडीक 20 गुंठ्यांवर मावेल तेवढं गोदाम बांधायचं.

"52 का? बाजार 48 चा आहे," धाकट्यातला हिशेबनीस जागा झाला.

"व्यापाऱ्याकडून घेशील तर तो 58 सांगंल," आजी म्हणाली. ही माहिती तिला कुठून मिळाली ते आजतागायत कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी धाकट्याने चौकशी केली तर तशाच गाडीला खरंच 58 सांगितले.

आरटीओचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून गाडी धाकट्याच्या नावावर झाली. थोरल्याने 4,000 फुटांच्या गोदामाचा नकाशा दिला. त्याच दराने गेलं तर महिन्याला 64 हजार येतील. कागद होईपर्यंत तो पुन्हा सुपरवायझरच्या कामावर जायला लागला. पहिल्या दिवशी गेटवर दोघे-तिघे कुजबुजले. दुपारी एका ड्रायव्हरला चाळीस फुटी गाडी डॉकला लावता येईना, तेव्हा थोरला वर चढला आणि एका दमात लावून खाली उतरला. नंतर कोणी कुजबुजलं नाही.

धाकट्याच्या नशिबी मात्र वेगळीच पंचाईत होती. जन्मभर स्कूटर चालवलेल्या माणसाला झेड4 झेपेना. घरासमोर पहिल्यांदा पाय दाबला तर गाडी उडी मारून तुळशीवृंदावनापाशी जाऊन थांबली. तेव्हापासून ती थोरलाच चालवतो. रविवारी पहाटे, कंटेनरची वर्दळ सुरू व्हायच्या आत, फळ्यांवरून सात गतिरोधक ओलांडून आमण्याला जायचं. तिथून समृद्धी महामार्ग सुरू होतो. 2025 च्या जून महिन्यात त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचे 701 किलोमीटर पुरे झाले. मोटारीला वेगमर्यादा 120 ची. त्या गाडीला 120 म्हणजे रमतगमत चालणं, पण थोरला त्यापुढे जात नाही. टेम्पोवाल्याला दंडाची किंमत माहीत असते. छप्पर मागे, इगतपुरीच्या बाजूला डोंगर वर येत जातात, आणि शेजारच्या आसनावर कधी धाकटा असतो, कधी त्याची मुलगी, एकदा आजीही होती. डोक्याला पदर घट्ट गुंडाळून ती बसली आणि येताना एवढंच म्हणाली की बैल यापेक्षा जास्त पळायचे.

स्वयंपाकघराला खिडकी बसली. सहलीचे पैसेही भरले गेले. पेट्रोल गाडीच्या मालकाने भरायचं की चालवणाऱ्याने, यावर मात्र दर रविवारी पंपावर दोघा भावांची जुंपते, आणि पंपावरचा पोरगा नळी हातात धरून कोणाचं पाकीट आधी निघतंय ते बघत उभा असतो.